डाग दाखवा

गल्लीतली माणसं तिला नीळकाकू म्हणत. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ द्यायचं काम तिनं कधी मशीनवर सोडलं नाही, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं बारा महिने निळी असत. कुणी थट्टा केली की ती म्हणायची, आभाळात हात घालून आलेय.

तीन मजली इमारतीच्या तळाशी तिची लाँड्री होती. पुढं काउंटर, त्यामागं लोखंडी दांड्यांवर टांगलेले कपडे, डाव्या हाताला इस्त्रीचं टेबल आणि मागच्या भिंतीला टेकलेलं मोठं मशीन. नवरा गेला तेव्हा तीन गोष्टी तिच्या पदरात टाकून गेला: हे भाड्याचं दुकान, हे मशीन आणि त्याची मोठी बहीण. पहिल्या दोन गोष्टींना तेलपाणी लागे, तिसरीला ऐकणारं माणूस लागे. वन्सं इस्त्री करायच्या. जीभही इस्त्रीसारखीच, गरम, आणि जिथं फिरेल तिथली घडी मोडू न देणारी.

दोघींच्या दुकानाचा एक नेम होता. घाण कपडा घाण म्हणून वस्तीला ठेवायचा नाही. आला त्या दिवशी तो पाण्यात पडलाच पाहिजे. वन्सं म्हणायच्या, डाग पाहुण्यासारखा असतो, एक रात्र राहिला की घर आपलं समजतो. हाच नेम पुढं त्यांच्या अंगाशी आला.

त्या सकाळी शटर वर केलं आणि वासच आधी बाहेर आला, माणसासारखा, धक्का देऊन. वरच्या तिन्ही मजल्यांचा मैला वाहून नेणारी जाड नळी मागच्या भिंतीतच फुटली होती. पिवळट काळं पाणी घोट्याएवढं साचलेलं, त्यावर फेस, फेसावर काय काय. धुवून, घड्या घालून, कागदात बांधून ठेवलेले गठ्ठे खालच्या फळीवरून त्यात पडले होते आणि पोट फुगून तरंगत होते. मशीनच्या निम्म्या अंगापर्यंत ओल चढली होती. वन्संनी पदर नाकाला लावला, एक पाऊल आत टाकलं आणि तसंच मागं येऊन गटाराच्या कडेला सकाळचा चहा ओकून टाकला.

नीळकाकूला ओकारी आली नाही. तिला रडू आलं, पण रडायलाही श्वास घ्यावा लागतो, आणि तो घेववत नव्हता.

तेवढ्यात तिला विमा आठवला. नवऱ्याचा एक मित्र विम्याचा एजंट होता. दुकानाचा विमा त्यानंच उतरवून दिला होता आणि दरवर्षी हप्त्याच्या वेळी न चुकता यायचा. बाकी वर्षभरही यायचा, पण ते शर्ट घेऊन. मित्राच्या दुकानात पैसे कसले द्यायचे, असं त्याचं साधं गणित होतं, आणि मित्र गेल्यावरही ते त्यानं बदललं नव्हतं. नीळकाकू त्याला भाऊजी म्हणायची आणि वन्सं मागं त्याला ‘फुकटची कॉलर’ म्हणायच्या.

फोनवर भाऊजींनी फार गोड धीर दिला. नळी फुटून झालेलं नुकसान विम्यात बसतं, काळजीच नको. आधी कंपनीला कळवायचं, मग फोनवर दाव्याचा नंबर येतो, मग कंपनीचा सर्व्हेअर येऊन डोळ्यांनी पाहतो, लिहून नेतो, मग फॉर्म, मग कागद, मग पैसे. फक्त एक पथ्य. सर्व्हेअर येईपर्यंत टाचणीसुद्धा हलवायची नाही. “डाग दिसला तर पैसा दिसेल, वहिनी,” ते म्हणाले. “हात लावलात तर माझ्याकडं येऊ नका.”

नंबर आला. लांबलचक होता. नीळकाकूनं तो पाठ केला.

नळवाला येऊन नळी जोडून गेला. कंबरेत वाकून काम करता करता तो म्हणाला, काकू, वरच्या लोकांनी आठवडाभर काय काय खाल्लंय ते मला आता तोंडपाठ झालंय, पण सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. पाणी ओसरलं. मागं राहिला तो गाळ. तो कपड्यांवर, जमिनीवर, मशीनच्या पायांवर साईसारखा बसला आणि सुकू लागला.

दोघी बाहेर स्टुलं टाकून बसल्या. सर्व्हेअर त्या दिवशी आला नाही. कंपनीच्या फोनवर एक बाई आधी गाणं ऐकवायची, मग तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे असं सांगायची, मग पुन्हा गाणं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, साहेब दुसऱ्या भागात आहेत. वन्संनी विचारलं, तिकडची घाण आमच्यापेक्षा ताजी आहे का? बाई म्हणाली, आणखी काही मदत करू शकते का.

गिऱ्हाइकं कपडे न्यायला येत. नीळकाकू अर्धं शटर ओढून दारातच उभी राही आणि सांगे, मशीन बिघडलंय, दोन दिवस थांबा. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ती प्रत्येकाला तेच वाक्य त्याच चालीत सांगे, कंपनीच्या त्या बाईसारखं. माणसं नाक मुरडून, वास कसला येतोय हो, असं विचारत पुढं जात.

आत माश्या झाल्या होत्या. आधी चार, मग सगळ्याच. उन्हं चढली की पत्र्याच्या शटरमागं वास शिजायचा. पलीकडचा चहावाला पहिल्या दिवशी सहानुभूतीनं चहा देऊन गेला, दुसऱ्या दिवशी त्यानं आपली बाकं रस्त्याच्या त्या बाजूला नेली. वन्संना जेवण जात नव्हतं. नीळकाकूला जेवण जायचं, पण प्रत्येक घासाला तोच वास यायचा. आपल्या केसांत तो शिरलाय, उशीत शिरलाय, ह्याची तिला किळस यायची. ज्या बाईला लोक दोन गल्ल्या पलीकडून साबणाच्या वासानं ओळखायचे, ती आता वाऱ्याची दिशा बघून उभी राहू लागली.

तिसऱ्या दिवशी ती मशीन पाहायला आत गेली, नुसतं पाहायला. पायाशी एका तान्ह्या बाळाची दुलई पडली होती. पांढरी, कडेला पिवळी नक्षी. शेजारच्या इमारतीतल्या एका पोरसवदा आईनं आणून दिली होती आणि साबण सौम्य वापरा हं असं तीनतीनदा सांगून गेली होती. दुलईच्या घडीत काहीतरी हललं. नीळकाकू वाकली. पांढऱ्यावर पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

ती तशीच दुलई उचलून मागच्या अंगणातल्या नळावर गेली. वन्संनी पाहिलं. हलवू नका म्हणालाय ना तो, असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण म्हणता म्हणताच बाह्या वर सारत होत्या.

मग काय विचारता. दुलई धुतली म्हणून तिच्या शेजारचा सदरा धुतला, सदरा धुतला म्हणून चादर, चादर झाली म्हणून नर्सबाईचे पांढरे गणवेश. पाणी उकळलं, औषध घातलं, सोडा घातला, पुन्हा उकळलं. हातानं, एकेक कपडा, बाही उलटी करून, शिवण दाबून. पहिलं पाणी काळं गेलं, दुसरं पिवळं, तिसरं दुधाळ, आणि सातव्या पाण्याला तळाची फरशी दिसली. वन्संच्या घशातून कित्येक वर्षांनी गाणं बाहेर आलं. त्यांच्या आईनं म्हटलेलं होतं का त्यांनीच रचलेलं, कुणास ठाऊक:

*डाग शाईचा गं जातो, डाग घामाचा गं जातो,*
*तोंडचा डाग बाई, साता घरी फिरून येतो.*

अंगणातल्या दोऱ्या भरल्या, गच्चीवरच्या भरल्या. उन्हात कपडे फडफडू लागले तसा नीळकाकूला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. मग दोघींनी जमीन खरवडली, भिंती घासल्या, मशीनचं अंगन्‌अंग पुसलं. ते सुरू मात्र झालं नाही. बटण दाबलं की आतून म्हाताऱ्यासारखं कण्हायचं आणि गप्प व्हायचं.

फोटो एकही काढला नाही. काढायचं सुचलंच नाही. माणूस सजूनधजून फोटो काढतो, आपल्या दारातला मैला कुणी फोटोत धरून ठेवतं का?

सर्व्हेअर आला तो तयारीनं आला. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, बुटांवर पिशव्या. शटर वर झालं आणि तो उंबऱ्यावरच थबकला. आत ऊन पडलं होतं. फरशी आरशासारखी. दांड्यांवर कपडे ओळीनं, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी राहावीत तसे. निळीचा आणि गरम इस्त्रीचा वास.

त्यानं मास्क हनुवटीवर ओढला. “डाग दाखवा,” तो म्हणाला.

नीळकाकूनं अभिमानानं सांगितलं की एकही उरला नाही. हे बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता की तो क्षणभर गोंधळला. मग त्यानं कपड्यांवरून बोट फिरवलं, मोजा पाहिला, मशीनचं बटण दाबलं, कण्हणं ऐकलं, किती जुनं आहे ते विचारलं. वन्संनी त्याला सगळी हकिगत सांगितली, फेसासकट. तो ऐकत होता, पण लिहीत नव्हता. शेवटी त्यानं लिहिलं ते दोन ओळीत मावलं. जाताना बुटांवरच्या पिशव्या काढून त्यानं त्यांच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. त्या दुकानातली तेवढीच घाण होती.

आठवड्यात निरोप आला. नुकसान सिद्ध होत नसल्यामुळे दावा मंजूर करता येत नाही. मशीनचा बिघाड वयोमानाचा.

वयोमान, वन्सं म्हणाल्या. माझ्यावरही हेच लिहितील.

नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती. हातानं धुऊन पोट भरेल एवढेच कपडे व्हायचे, दुकानाचं भाडं निघायचं नाही. दावा मिळाला तर लाँड्री राहील, नाहीतर शटर उतरेल. हिशेब एवढा सरळ होता की त्याला कागद लागत नव्हता.

भाऊजी आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी आधी नाकानं दुकान तपासलं आणि मगच आत आले. सांगितलं होतं की नाही, हे त्यांनी निरनिराळ्या शब्दांत चार वेळा म्हणून घेतलं. मग खुर्ची पुढं ओढून आवाज खाली आणला. अजून मार्ग होता. फेरपाहणी मागायची. पण त्याआधी थोडं काम करायचं. मागचं गटार उघडंच आहे. दोनचार बादल्या आणायच्या, कपडे पसरायचे, ओतायचं. एक रात्र मुरू द्यायचं. मग भरपूर फोटो.

नीळकाकूला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिनं विचारलं, धुतलेल्यांवर?

“अहो, खोटं कुठं आहे त्यात?” भाऊजी म्हणाले. “झालं होतं तेच पुन्हा करायचं. तुम्ही सर्व्हेअरच्या आधीच सगळं धुवून मोकळ्या झालात, त्याला कंपनी काय करणार? कंपनीला घाण लागते, वहिनी. स्वच्छतेचे पैसे कोण देतं?”

हे बोलताना ते दातात अडकलेलं काहीतरी नखानं काढत होते. नीळकाकूला त्या नखाची किळस आली. त्या सकाळच्या फेसाची आली नव्हती तेवढी. ती उठली, दांडीवरून हात चालवत गेली आणि मधले पाच शर्ट काढून घेऊन आली. कॉलर कडक, घडी सुरीसारखी. पाचही भाऊजींचे. खालच्या फळीवरच होते ते, त्या दिवशी.

“मग ह्यांच्यापासून सुरुवात करू?” तिनं विचारलं.

भाऊजी शर्टांकडं बघत राहिले. आत्ता कुठं त्यांच्या लक्षात आलं की तेही त्यात होते. त्यांचा हात नकळत अंगातल्या शर्टाच्या गळ्याकडं गेला. हा त्यातला नाही, वन्सं इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाल्या, हा त्याच्या आधीच्या खेपेचा, घाबरू नका.

ते गेले. शर्ट नेले नाहीत.

नीळकाकू दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीत गेली. काचेचं दार, थंडगार हवा, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. झाडाच्या पानांवर धुळीचा थर होता; तिची बोटं शिवशिवली, पण तिनं हात मांडीखाली दाबून ठेवले. तक्रारीच्या टेबलावर एक बाई बसली होती. नीळकाकूनं घाणीचं वर्णन सुरू केलं तशी तिनं टेबलावरच्या बाटलीतलं जंतुनाशक दोन थेंब हातावर घेऊन चोळलं. पुढच्या वाक्याला पुन्हा दोन थेंब. जणू शब्दांनीच तिचे हात बरबटत होते.

पण बाई समजावून सांगणारी निघाली, तेवढं श्रेय तिला दिलंच पाहिजे. तुम्ही धुतलंत ही चूक नाही, ती म्हणाली. नुकसान वाढू नये म्हणून काळजी घ्या, असं पॉलिसीतच लिहिलंय. चूक ही की आता धुतोय असं धुण्याआधी आम्हाला कळवलं नाहीत आणि फोटो काढले नाहीत. एजंट तोंडानं काय सांगतो त्यावर कधी जाऊ नये, आपली पॉलिसी आपण वाचावी. नीळकाकूच्या मनात आलं, हे तुमच्या त्या गाणारणीला सांगायला काय झालं होतं? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते, तोंड नसतं.

आता काय करता येईल? दोन गोष्टी, बाई म्हणाली. नळी दुरुस्त करणाऱ्याचा लेखी जबाब आणा. आणि ज्यांचे कपडे होते त्या गिऱ्हाइकांचे, की आमचे कपडे तिथं होते आणि त्या पाण्यात खराब झाले. तेवढ्यावर फेरपाहणी होऊ शकते. “गिऱ्हाइकांना माहीत असेलच ना?” तिनं विचारलं.

नीळकाकूनं मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते बाईनं पाहिलं नाही.

गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं. कपडे बहुतेकांना पोचलेही होते. पोरसवदा आईला दुलई तिनं स्वतः नेऊन दिली होती. त्या पोरीनं ती गालाला लावली होती, डोळे मिटून वास घेतला होता आणि म्हणाली होती, किती छान धुता हो तुम्ही. मग बाळाच्या तोंडापर्यंत दुलई ओढली होती. नीळकाकू हसून जिना उतरली होती आणि खालच्या नळावर तिनं हात धुतले होते, साबण नसताना, खूप वेळ.

दुकानात परतल्यावर वन्सं आणि तिची चांगलीच जुंपली. वन्संचं म्हणणं साधं होतं. कपडे स्वच्छ आहेत, नव्याहून स्वच्छ. ज्याला माहीत नाही त्याला वास नाही. दारोदार जाऊन आपल्याच तोंडानं सांगायचं की तुमचे कपडे मैल्यात लोळले होते, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मशीन येईल, पण त्यात घालायला कपडा कोण देईल? तोंडचा डाग साता घरी फिरतो, माझंच गाणं आहे, मला सांगू नकोस.

नीळकाकूला हे सगळं पटत होतं. तिला खुपत होतं ते वेगळंच. दुलई दिली त्याच दिवशी सांगायला हवं होतं, तेव्हा सांगितलं नाही. आणि आता सांगायचं ते कंपनीला कागद हवा म्हणून. खरं बोलायचं तेही भरपाईसाठी. ह्याची तिला अशी शिसारी आली की गटाराच्या बादलीत आणि ह्या कागदात फार अंतर तिला दिसेना. ती बराच वेळ मशीनच्या दाराला डोकं टेकून उभी राहिली. दाराच्या काचेत तिचा चेहरा वाकडा दिसत होता.

शेवटी ती म्हणाली, “वन्सं, मला त्या पोरीच्या दारावरून आता मान वर करून जाता येत नाही. कागद मिळो न मिळो, मी सांगणार.”

वन्संनी इस्त्री उभी केली. मग त्या म्हणाल्या, थांब, चप्पल घालते. एकटी गेलीस तर तू रडशील आणि मग लोकांना वाटेल आपण भीक मागतोय.

नळवाल्यानं हसत हसत लिहून दिलं, तेही जरा जास्तच खुलवून. त्यातली दोन वाक्यं वन्संनी खोडायला लावली. मग दारं सुरू झाली.

एका दारात माणूस ऐकता ऐकता आपला अंगातला सदरा अंगापासून लांब धरू लागला. एका बाईनं सही केली पण पेन परत घेतलं नाही, ठेवा तुम्हालाच म्हणाली. एकानं कपाट उघडून त्यांच्याकडून आलेलं सगळं, ह्या वर्षीचं, गेल्या वर्षीचं, जिन्यात आणून टाकलं. कुणी नव्या कपड्यांची किंमत सांगितली. एक निवृत्त हेडमास्तर मात्र खो खो हसले, म्हणाले, वरच्या मजल्यावर राहतो मी, त्यातला काही वाटा माझाच असणार, आणा इकडं कागद. नर्सबाईंनी दारातच विचारलं, पाणी किती वेळ उकळलंत, औषध कुठलं, किती प्रमाणात. उत्तरं ऐकली, मान डोलावली, सही केली आणि ड्यूटीला उशीर होतोय म्हणून निघूनही गेल्या.

पोरसवदा आईनं सगळं ऐकून घेतलं. बाळ कडेवर होतं. ती आत गेली, दुलई चिमटीत धरून आणली आणि नीळकाकूच्या पायाशी सोडली. मग नीळकाकूच्या निळ्या बोटांकडं तिनं असं पाहिलं, की नीळकाकूनं ती पदराखाली घेतली. सहीचा कागद पुढं करायचं धाडस वन्संनाही झालं नाही.

भाऊजींच्या घरी वन्संनी शर्ट नेले. पाचही, इस्त्री करून, आणि आजवरच्या धुलाईचं पहिलं बिल वर टाचून. सही मात्र मिळाली नाही. पॉलिसीधारकाकडून फुकट कपडे धुवून घेतले हे कंपनीला कळलं तर, भाऊजी म्हणाले, आणि वाक्य अर्धंच ठेवून दार लावून घेतलं. वन्सं परत येऊन म्हणाल्या, त्या माणसाला उकळत्या पाण्यात घातलं तरी सातव्या पाण्याला काळंच निघेल.

सह्या फार नव्हत्या, पण पुरेशा होत्या. सर्व्हेअर पुन्हा आला, ह्या वेळी मास्क न घालता आणि सोबत एक मिस्त्री घेऊन. त्यानं मिस्त्रीला मशीनची मागची पत्र्याची झाकणी उघडायला सांगितली. स्क्रू निघाले, झाकणी खाली आली, आणि वास पुन्हा दुकानात आला. तोच, पण आता मुरलेला. मोटरीच्या भोवती, तारांच्या जुडग्यात, पट्ट्याखाली गाळ वाळून बसला होता. त्यात एक मेलेलं झुरळ, आणि कसलातरी केसांचा पुंजका.

वन्संनी कपाळाला हात लावला. लाजेनं त्यांचा चेहरा पडला. अगं, इथलं राहिलंच की, त्या पुटपुटल्या आणि फडकं घ्यायला वळल्या. सर्व्हेअरनं दोन्ही हात आडवे धरून त्यांना अडवलं.

“हात लावू नका,” तो म्हणाला. “हेच तर हवं होतं.”

त्याचा चेहरा खुलला होता. वाकून, गुडघे टेकून, श्वास घेण्यापुरतं तोंड वळवून तो फोटो काढत होता. समोरून, बाजूनं, जवळून. झुरळाला त्यानं पेनच्या टोकानं थोडं उजेडात सरकवलं. छान, छान, म्हणत होता. लग्नाच्या पोरीचे फोटो काढावेत तसं. नीळकाकू भिंतीला टेकून बघत राहिली. तिच्या साऱ्या आयुष्यात तिनं धुतलेल्या हजार गोष्टींकडं कुणी असं कौतुकानं पाहिलं नव्हतं. तिच्या हातून राहून गेलेली एकच जागा, आणि तिच्यावर दुकान तरणार होतं.

कंपनीचं पत्र आलं. जाड, गुळगुळीत कागद. कळविण्यास आनंद होतो की मशीनचा दावा घसारा वजा करून मंजूर करण्यात येत आहे. कपड्यांबाबत मात्र, ते धुतले गेल्यामुळे नुकसान शिल्लक नाही, सबब रक्कम शून्य. पत्रात मैला हा शब्द कुठंही नव्हता. ‘द्रवपदार्थ’ असं म्हटलं होतं. नीळकाकूनं पत्र वाचलं, घडी घालून फळीवर ठेवलं आणि मग हात धुतले.

त्या पैशांत जुन्याची मोटर बदलून झाली, नवं मशीन नाही. चाललं तरी पुरे. मिस्त्रीनं बटण दाबलं तेव्हा ते कण्हलं नाही, नीट गरगरलं. दोघींनी शटर पूर्ण वर केलं, काउंटर पुसला आणि बसल्या.

सकाळ गेली. चहावाल्याची बाकं अजून त्या बाजूलाच होती. माणसं दुकानापाशी आली की बोलणं थांबवत आणि पुढं गेली की सुरू करत. पोरसवदा आई बाळाला घेऊन पलीकडच्या कडेनं गेली. बाळ नव्या दुलईत होतं. जुनी, सातदा पुन्हा धुतलेली, काउंटरच्या आत कागदात बांधून ठेवलेली होती. मागायला आली तर द्यायला. आली नाही. वन्सं रिकाम्या टेबलावर इस्त्री फिरवत होत्या, बंद इस्त्री.

दुपार कलली तेव्हा नर्सबाई आल्या. सलग दोन पाळ्या करून तशाच आल्या असाव्यात, डोळे लाल होते. एक गाठोडं त्यांनी धप्पकन काउंटरवर टाकलं. गाठोड्याला ओल होती आणि वास असा की वन्संची इस्त्री थांबली. दवाखान्यातला धोबी हे घेत नाही, नर्सबाई म्हणाल्या. रक्त आहे, उलटी आहे, आणखीही आहे. “तुम्ही ह्याच्याहून वाईट पाहिलंय, म्हणून आणलं. परवा हवेत.”

बस, एवढंच. चौकशी नाही, दिलासा नाही. त्या गेल्या.

वन्संनी गाठोड्याकडं पाहिलं, मग नीळकाकूकडं, आणि आपला फोन हातात घेतला. “अगं थांब,” त्या म्हणाल्या, “धुण्याआधी फोटो काढू का?”

थट्टाच होती. पण फोनचा कॅमेरा त्यांनी खरंच चालू केला होता. नीळकाकूला ते दिसलं आणि किळस आली. गाठोड्याची नाही. ह्या नव्या सवयीची, जी त्या गुळगुळीत कागदामागून हळूच घरात शिरली होती आणि एका रात्रीत घर आपलं समजू लागली होती. तिनं वन्संच्या हातातून फोन घेतला, फळीवर पालथा ठेवला आणि गाठोड्याची गाठ सोडली. वास तोंडावर आला. तिनं नाक धरलं नाही. आधी थंड पाणी, रक्ताला गरम चालत नाही. तिनं कपडे मागच्या अंगणात नेऊन बादलीत टाकले, नळ सोडला, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.